बेरात लाट नाही, तरी मूल वळून पाहते: कॉक्लिअर इम्प्लांटच्या पात्रतेचे एक प्रकरण

खानापूर तालुक्यातील एका गावातून दोन वर्षे दोन महिने वयाच्या मुलीला तिची आई आणि आजी सांगलीतील आमच्या तपासणी केंद्रात घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या दृष्टीने निदान झालेले होते आणि प्रश्न उरला होता तो फक्त पैशांचा. सोबतच्या बेरा चाचणीच्या (आवाजाला कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत मिळणारा विद्युतप्रतिसाद लाटांच्या रूपात नोंदवणारी चाचणी) अहवालात दोन्ही कानांचा ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नसल्याची नोंद होती, तिच्याखाली ‘अतितीव्र बहिरेपणा’ असे निदान होते, आणि श्रवणयंत्राचा उपयोग होत नसल्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवून श्रवणतंतूला थेट विद्युतसंदेश देणारे यंत्र) करावे असा सल्ला होता. मुलीचे वडील त्या भागातील अनेकांप्रमाणे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायात असून त्यांचे दुकान कोइमतूरला आहे. आजोबांनी द्राक्षबागेला लागून असलेला जमिनीचा तुकडा विकण्याची बोलणी सुरू केली होती. आम्ही त्या अहवालाला दुजोरा द्यावा आणि कोणत्या कंपनीचे यंत्र घ्यावे ते सांगावे, एवढीच कुटुंबाची अपेक्षा होती.

आजीचे म्हणणे मात्र वेगळे होते. “ऐकू येतंय तिला. कुकरची शिट्टी झाली की बघती, म्हस हंबरली की बघती. हाक मारली की तेवढी येत नाही.” बहिरेपणाचे निदान झालेल्या मुलाच्या घरातून अशी वाक्ये नेहमीच ऐकू येतात आणि ती बहुतेक वेळा मनाची समजूत म्हणून बाजूला ठेवली जातात. या प्रकरणात ते वाक्य आम्ही नोंदवहीत लक्षण म्हणून लिहून घेतले, कारण ९० डेसिबललाही प्रतिसाद न देणारा कान आणि कुकरच्या शिट्टीकडे वळणारे मूल या दोन गोष्टी एकाच निदानात बसत नाहीत. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

आधीची कागदपत्रे

मुलीचा जन्म ३१व्या आठवड्यात झाला होता आणि जन्मवजन १४०० ग्रॅम होते. नवजात अतिदक्षता विभागात ती तीन आठवडे होती. काविळीची पातळी प्रकाशोपचाराने आटोक्यात न आल्यामुळे तिचे रक्त बदलावे लागले होते, शिवाय आठवडाभर ॲमिकासिन हे प्रतिजैविक दिल्याची नोंद होती. यांपैकी प्रत्येक गोष्ट श्रवणदोषाच्या जोखमीच्या यादीत स्वतंत्रपणे येते. अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या प्रत्येक बाळाची श्रवणचाचणी बेरा पद्धतीने करावी, केवळ ओएईवर विसंबू नये, अशी शिफारस अमेरिकेतील बालश्रवणविषयक संयुक्त समितीने २००७ साली केली आणि आपल्याकडील श्रवणतज्ज्ञही ती मानतात. ओएई ही चाचणी आतल्या कानातील बाह्य केसपेशींचे काम तपासते, तर कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत संदेश नीट पोहोचतो की नाही हे बेरा सांगते. अपुऱ्या दिवसांच्या आणि तीव्र काविळीच्या बाळांत बिघाड पहिल्या टप्प्यात नसून दुसऱ्या टप्प्यात असू शकतो. या मुलीच्या डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख होती आणि ती तपासणी वेळेवर झालीही होती. कानांविषयी एक ओळही नव्हती.

बेराचा निष्कर्ष वाचण्याआधी आम्ही मूळ आलेख मागवून घेतला. चाचणीत क्लिकचा आवाज केवळ आलटून पालटून उलटसुलट ध्रुवतेचा (एकदा दाब, एकदा ओढ) दिलेला होता. ही नेहमीची पद्धत आहे आणि बहुतेक मुलांत तिने काही बिघडत नाही. परंतु केसपेशी जो विद्युतप्रतिसाद निर्माण करतात, ज्याला कॉक्लिअर मायक्रोफोनिक म्हणतात, तो आवाजाची ध्रुवता उलटली की स्वतःही उलटतो, त्यामुळे दोन्ही ध्रुवतांची सरासरी काढली की तो पुसला जातो. म्हणजे केसपेशी पूर्ण कार्यक्षम असत्या तरी या आलेखावर सपाट रेषाच उमटली असती. ओएई केलेली नव्हती.

कागदपत्रांतील सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच होती. बेराच्या आधारे कान अतितीव्र बहिरे गृहीत धरून मुलीला सर्वाधिक क्षमतेची श्रवणयंत्रे बसवली होती आणि त्यांची जुळणी ९० डेसिबलच्या पलीकडच्या श्रवणदोषासाठी केलेली होती. यंत्र घातले की मुलगी रडते आणि उपटून टाकते, असे आईने सांगितले होते, आणि त्याची नोंद ‘श्रवणयंत्राचा लाभ नाही’ अशी झाली होती. यंत्रातील वापराच्या नोंदी आम्ही संगणकावर उतरवून पाहिल्या, तेव्हा रोजचा सरासरी वापर एक तासापेक्षाही कमी निघाला. इम्प्लांटची पात्रता ठरवताना ‘योग्य श्रवणयंत्राचा पुरेसा काळ वापर करूनही पुरेसा लाभ नाही’ ही अट मध्यवर्ती असते. येथे यंत्र योग्य नव्हते, काळ पुरेसा नव्हता, आणि मुलगी आवाज न आल्यामुळे रडत होती की असह्य मोठा आल्यामुळे, हे कोणी तपासलेले नव्हते.

पुन्हा तपासणी

मध्यकर्णाची तपासणी दोन्ही बाजूंनी सामान्य होती. ओएई दोन्ही कानांत स्पष्ट मिळाली. मध्यकर्णातील स्नायूचा मोठ्या आवाजाला मिळणारा प्रतिक्षेप मात्र एकाही वारंवारतेला मिळाला नाही. झोपेत पुन्हा बेरा केली, या वेळी दोन्ही ध्रुवतांचे क्लिक वेगवेगळे देऊन. दोन्ही कानांत ध्रुवतेबरोबर उलटणारा मोठा मायक्रोफोनिक दिसला आणि त्यानंतर एकही लाट नव्हती. असा प्रतिसाद उपकरणातील विद्युतगळतीमुळेही दिसू शकतो, म्हणून इअरफोनची नळी चिमटीत बंद करून चाचणी पुन्हा घेतली. नळी बंद होताच प्रतिसाद नाहीसा झाला, म्हणजे तो कानाचाच होता.

हे चित्र ऑडिटरी न्युरोपथी स्पेक्ट्रम डिसऑर्डरचे आहे. ऑडिटरी न्युरोपथी या नावाने या अवस्थेचे वर्णन १९९६ मध्ये झाले आणि ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द २००८ साली इटलीतील कोमो येथे झालेल्या तज्ज्ञ परिषदेत जोडला गेला. आतल्या कानात आवाज पोहोचतो, केसपेशी हलतात, पण श्रवणतंतूंतून जाणारे संदेश एकाच क्षणी सुटत नाहीत. लेझीमच्या पथकात प्रत्येकाचा हात जोरात चालावा पण ठेका एक नसावा, तसे हे आहे: आवाज होतो, ताल ओळखू येत नाही. बेराची लाट शेकडो तंतू एका वेळी पेटले तरच उमटते, म्हणून या मुलांत ती नसते, आणि ती नसणे हे बहिरेपणाच्या तीव्रतेचे माप ठरत नाही. अशा मुलाचा प्रत्यक्ष श्रवणउंबरठा, म्हणजे ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, जवळपास सामान्य असू शकतो किंवा अतितीव्र बहिरेपणाइतका खालावलेला असू शकतो. बेरा त्यातले काहीच सांगत नाही.

त्यामुळे उंबरठा मुलीच्या वागण्यातूनच काढावा लागला. आवाजाकडे वळले की बाजूचे खेळणे उजळते, अशा मांडणीत कानात इअरफोन घालून दोन वेगवेगळ्या दिवशी चाचणी घेतली. उजव्या कानाचा उंबरठा ६० ते ६५ डेसिबलच्या दरम्यान आणि डाव्याचा ६५ ते ७५ च्या दरम्यान मिळाला. दोन दिवसांच्या आकड्यांत १० डेसिबलपर्यंत फरक होता, आणि या अवस्थेत असा चढउतार अपेक्षितच असतो. आजीला दिसत होते ते खरे होते. बोलावल्यावर मुलगी येत नव्हती हेही खरे होते, आणि ते दुर्लक्ष नव्हते.

एमआरआय करणे आवश्यक होते, आणि तो केवळ शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी नव्हता. श्रवणतंतू जन्मतःच नसेल किंवा अतिशय बारीक असेल, तरीही ओएई आणि मायक्रोफोनिक मिळू शकतात, म्हणजे कागदावर हेच चित्र दिसते. तंतूच नसेल तर इम्प्लांटने दिलेला विद्युतसंदेश वाहून नेणारे काही उरत नाही. मिरजेत भूल देऊन केलेल्या एमआरआयमध्ये तिरप्या छेदांत दोन्ही बाजूंचे कॉक्लिअर तंतू स्पष्ट आणि सामान्य जाडीचे दिसले, कॉक्लिआची, म्हणजे आतल्या कानातील शंखाकृती भागाची, रचनाही व्यवस्थित होती. मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस भागात मात्र दोन्हीकडे पुसट बदल होता, जो काविळीच्या परिणामाशी जुळतो. मुलगी १९व्या महिन्यात चालू लागली होती आणि अंगात थोडा सैलपणा होता, म्हणून बालमेंदूविकारतज्ज्ञांचे मत घेतले. अनैच्छिक हालचाली नव्हत्या, नजर वर नेण्यात अडचण नव्हती, आणि शब्दांवर अवलंबून नसलेल्या खेळांत तिची समज वयाला साजेशी होती. भूल देण्याआधी ईसीजीही केला. श्रवणदोषासोबत हृदयाचा क्यूटी कालावधी लांबलेला असणारा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार असतो, आणि भुलेच्या वेळी तो जिवावर बेतू शकतो. ही साधी, स्वस्त तपासणी अनेक ठिकाणी राहून जाते.

अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि काविळ एवढे पुरेसे कारण समोर असताना आनुवंशिक तपासणी कशाला, असा प्रश्न आमच्यातही निघाला. परंतु आईवडील आते-मामे भावंडे होते. नात्यातील लग्नात दोघांकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते, आणि ओटोफर्लिन या जनुकाच्या दोषामुळे होणारा बहिरेपणा सुरुवातीला नेमका याच स्वरूपात दिसतो. वडिलांनीही फोनवर याच संदर्भात विचारले होते. ओटोफर्लिनच्या दोषावर जनुकोपचाराने मुलांना ऐकू येऊ लागल्याचे पहिले अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती बातमी त्यांच्यापर्यंत मोबाइलवरून पोहोचली होती. इम्प्लांट न करता थांबावे का, असे त्यांना वाटत होते. तपासणीत त्या जनुकात दोष आढळला नाही. ते उपचार अन्य कारणांच्या न्युरोपथीला लागू नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगितले आणि तो मुद्दा तेथे मिटला.

सहा महिन्यांची मुदत

आता पात्रतेचा खरा प्रश्न समोर आला. उंबरठा ६०-७० डेसिबल असलेल्या सर्वसाधारण मुलाला कोणी इम्प्लांट सुचवणार नाही, चांगल्या श्रवणयंत्रावर ते मूल बोलायला शिकते. न्युरोपथी असलेल्या मुलांपैकी काहींना श्रवणयंत्राने खरोखर लाभ होतो, काहींना आवाज मोठा मिळतो पण शब्द सुटे होत नाहीत, आणि काविळीमुळे झालेल्या न्युरोपथीत काही बाळांची बेरा पहिल्या दीड-एक वर्षात आपोआप सुधारल्याचेही नोंदले गेले आहे. आमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली होती, तरीही ती या तिघांपैकी कोणत्या गटात आहे हे कोणत्याही एका दिवसाच्या चाचणीतून कळणार नव्हते. ते कळायला योग्य यंत्र, रोजचा वापर आणि नियमित स्पीच थेरपी यांच्या आधारे झालेली प्रगती पाहावी लागते.

दुसरीकडे थांबण्यालाही किंमत असते. इम्प्लांट साडेतीन वर्षांच्या आत झाले तर मेंदूच्या श्रवणकेंद्राचा विकास बहुतांशी वयानुरूप होऊ शकतो आणि सात वर्षांनंतर ती शक्यता फार कमी होते, असे श्रवणकेंद्राच्या विद्युतप्रतिसादांवरील संशोधनातून दिसून आले आहे. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून जन्मतः किंवा भाषा येण्याआधी बहिऱ्या झालेल्या मुलांना इम्प्लांटसाठी जी मदत मिळते, तिलाही पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे ‘बघू, वाट पाहू’ असे मोघम न सांगता सहा महिन्यांची मुदत ठरवली आणि त्या मुदतीअखेर काय मोजायचे तेही आधीच लिहून ठेवले. माझ्या मते न्युरोपथीच्या मुलांत घाईने केलेल्या शस्त्रक्रियेइतकेच नुकसान मुदत न घातलेल्या प्रतीक्षेने होते, फक्त ते कोणाच्या नावावर लिहिले जात नाही.

श्रवणयंत्रांची जुळणी प्रत्यक्ष मिळालेल्या उंबरठ्यानुसार आणि मुलीच्या कानाच्या नळीचे माप घेऊन नव्याने केली, कमाल आवाज मर्यादित केला आणि कानाचे मोल्ड (कानात बसणारे साचे) नवीन बनवले. मुलीने यंत्र उपटणे पहिल्या पंधरवड्यातच बंद केले. पुढच्या भेटीत मात्र वापर चारच तासांचा दिसला. चौकशी केल्यावर कळले की मुलीला मांडीवर घेतले की यंत्र शिट्टी मारत असे आणि तिला त्रास नको म्हणून आजी ते काढून ठेवत असे. मोल्ड पुन्हा बदलला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यानंतर थेरपीच्या प्रत्येक सत्राला आईबरोबर आजीलाही बसवले, कारण दिवसाचा बराच वेळ मुलगी आजीजवळच असे. तिसऱ्या महिन्यापासून वापर रोज नऊ तासांच्या आसपास स्थिर झाला.

या काळात हातवारे आणि खुणा बंद करा, असे आम्ही सांगितले नाही. खुणा वापरल्या तर मूल बोलायला आळस करते, ही समजूत आपल्याकडे काही केंद्रांतही आहे. भाषेविना सहा महिने काढायला लावून मिळवलेला निष्कर्ष आम्हाला नको होता. श्रवणाची चाचणी मात्र नेहमी तोंड झाकून घेतली जाई, कारण ही मुलगी ओठ वाचण्यात तरबेज होत चालली होती आणि समोरून बोललेले ‘पाणी दे’ तिला कळत असे.

सहा महिन्यांअखेरचे चित्र असे होते. यंत्र घालून तिला ३५ डेसिबलपर्यंतचे आवाज कळत होते. आ, ई, ऊ, म, श, स या सहा ध्वनींपैकी ‘स’ वगळता सर्वांना ती प्रतिसाद देत होती. श्रवणवर्तनाच्या आयटी-मेस या प्रश्नावलीत ४० पैकी गुण ९ वरून तिसऱ्या महिन्यात १६ वर गेले आणि सहाव्या महिन्यात १७ वर अडकले. शून्य ते सात पायऱ्यांच्या कॅप या मापनात ती पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर आली, म्हणजे कुकर, दार, मोटरसायकल हे आवाज ओळखू लागली. चौथी पायरी, म्हणजे ओठ न पाहता बोलण्यातील ध्वनींतला फरक ओळखणे, तिला जमले नाही. तोंड झाकून ‘आ’ म्हटले काय आणि ‘ऊ’ म्हटले काय, तिच्या दृष्टीने दोन्ही एकच होते. ‘म्याऊ’ आणि ‘भू-भू’ यांतून मांजर-कुत्रा निवडतानाही यश योगायोगाइतकेच होते. बेरा पुन्हा केली, लाट नव्हतीच. वापर पुरेसा, जुळणी योग्य, थेरपी नियमित, बुद्धी वयानुरूप आणि तरीही शब्द सुटे होत नाहीत, असे चित्र आता पुराव्यासह समोर होते.

निर्णय

मुलगी इम्प्लांटसाठी पात्र आहे, असे कान-नाक-घसा तज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्या बैठकीत ठरले. सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालाचा सल्लाही हाच होता, परंतु दोन्ही सल्ल्यांमागील कारणे परस्परविरुद्ध आहेत. तेथे कान ऐकत नाही म्हणून इम्प्लांट सुचवले होते. येथे कान ऐकतो पण तंतूंचा मेळ बसत नाही, आणि इलेक्ट्रोडचा ठरावीक विद्युतठोका तंतूंना एका वेळी उद्दीपित करून तो मेळ काही अंशी घडवू शकतो, म्हणून ते सुचवले आहे. कुटुंबाला सांगायच्या गोष्टीही त्यामुळे बदलतात. पूर्ण बहिऱ्या कानात गमावण्यासारखे थोडेच असते. या मुलीच्या शस्त्रक्रिया झालेल्या कानातील नैसर्गिक श्रवण बऱ्याच अंशी जाऊ शकते, हे आईला, आजीला आणि फोनवरून वडिलांना स्वतंत्रपणे सांगितले. म्हणूनच उंबरठा थोडा अधिक खालावलेला डावा कान निवडला आणि उजव्या कानात श्रवणयंत्र चालू ठेवायचे ठरवले. काविळीत रक्तात वाढणाऱ्या बिलिरुबिनचा परिणाम तंतूच्या पुढे मेंदूच्या खोडातील केंद्रांवरही असू शकतो, आणि त्या भागावर इम्प्लांटचा उपाय नाही, त्यामुळे लाभ किती होईल याची हमी देता येत नाही, हेही लेखी दिले.

अनुदानाच्या बाबतीत एक विचित्र अडचण आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांना ७० डेसिबलची हानी असलेली व्यक्ती बहिरी ठरते आणि ६० ते ७० च्या दरम्यानची व्यक्ती कमी ऐकणारी ठरते. ही मोजपट्टी केवळ डेसिबलची आहे. शब्द अजिबात न कळणारी ही मुलगी त्या मोजपट्टीवर सौम्य दिसते. म्हणून योजनेच्या अर्जासोबत दोन्ही बेराचे मूळ आलेख, ओएई, एमआरआय, यंत्राच्या वापराच्या नोंदी आणि सहा महिन्यांचे कॅपचे गुण जोडून, येथे उंबरठा हा निकष का लागू पडत नाही, याचे स्वतंत्र टिपण दिले आहे. जमीन विकण्याचा व्यवहार त्याचा निकाल लागेपर्यंत थांबवावा, असा आग्रह आम्ही धरला आणि आजोबांनी तो मानला. इम्प्लांटचा खर्च यंत्रापाशी संपत नाही, बॅटऱ्या, केबल आणि काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर बदलणे हा पुढचा खर्च घरालाच करावा लागतो, हे त्यांना त्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते.

मग भाषेचा प्रश्न आला. वडिलांची इच्छा शस्त्रक्रियेनंतर मायलेकींना कोइमतूरला नेण्याची होती. तेथे उपचारांची सोय चांगली आहे, यात शंका नाही. परंतु मुलीचे घर मराठी आहे, आईला तमीळ येत नाही, आणि इम्प्लांटनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मुलीशी दिवसभर बोलणारी व्यक्ती आईच असणार आहे. आठवड्यातील दोन तासांची थेरपी एका भाषेत आणि घरातले सर्व बोलणे दुसऱ्या भाषेत, ही विभागणी तिसऱ्या पायरीवर अडकलेल्या मुलीला परवडणारी नाही. खानापूर तालुक्यातून एसटीने दर आठवड्याला येणेही आईला अवघड जात होते. अखेर मार्ग घरातूनच निघाला: मुलीचा मामा सांगलीत राहतो, त्याच्याकडे मायलेकींनी राहावे आणि आजीने आलटून पालटून यावे. वडिलांनी हे मान्य करायला वेळ घेतला. ते मान्य होईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख मागायची नाही, असे आम्ही ठरवले होते, कारण पुनर्वसनाची जागा निश्चित नसेल तर पात्रताही अपुरीच राहते.

न्यूमोकोकलची राहिलेली लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण करायची आहे, कारण इम्प्लांट झालेल्या मुलांत मेंदूज्वराचा धोका अधिक असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी इलेक्ट्रोडवरून श्रवणतंतूचा विद्युतप्रतिसाद मोजला जाईल. तो मिळाला तर तंतू एकत्रित उद्दीपित होत असल्याचा तो पहिला थेट पुरावा असेल, न मिळाल्यास अपेक्षा त्यानुसार कमी ठेवून आईशी पुन्हा बोलायचे ठरले आहे. प्रोसेसर सुरू झाल्यापासून सहा आणि बारा महिन्यांनी तोंड झाकूनच कॅपचे मापन होईल. बाराव्या महिन्यापर्यंत चौथी पायरी गाठली गेली नाही, तर भारतीय सांकेतिक भाषा हे मुख्य माध्यम करून शाळेची निवड त्यानुसार करायची, हेही फाइलमध्ये आताच लिहिले आहे आणि त्याखाली आईची सही घेतली आहे.